रबाळ्याचा वायरकटवाला कुठल्या आकड्यात सापडतो?

रेतीबंदर | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि पीएचडीचं घोंगडं चार वर्षं भिजत पडलंय. विषय: ‘ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याची स्पर्धाक्षमता व तंत्रज्ञानाचा स्वीकार’. म्हणजे दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत डोंगराच्या बाजूला जे कारखाने, गाळे, आयटी पार्क आणि आता डेटा सेंटर आहेत, त्यांचं बळ नेमकं कशात आहे आणि ते वाढतंय की आटतंय.

मी तीन गोष्टी मोजायला निघाले होते. उत्पन्न, रोजगार, पेटंट. तिन्हीकडे ठेच लागली.

उत्पन्नाचे आकडे जिल्ह्यावार मिळतात. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि तारापूर, वसई तिकडे गेले. आधीचं ठाणे आणि नंतरचं ठाणे यांचं नाव तेवढं एक. नवी मुंबई म्हणावी तर ती एका जिल्ह्यात मावत नाही. सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं धरून शहर आखलं, त्यामुळे वाशी-ऐरोली ठाण्यात आणि खारघर-पनवेल रायगडात. पेटंटची गंमत आणखी वेगळी. मी यादी अर्जदाराच्या पत्त्यावरून लावली. प्रयोगशाळा महाप्याला आणि नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला असलं की पेटंट मुंबईच्या खात्यात.

म्हणून शेवटी प्रश्नावली घेऊन स्वतः याच पट्ट्यातल्या रबाळ्याला गेले. पहिल्याच गाळ्यात विचारलं, “नवीन तंत्रज्ञान वापरता का? हो किंवा नाही.” मालक म्हणाले, “मॅडम, हो लिहा आणि चहा घ्या.”

चहा घेत बसले म्हणून पुढचं दिसलं. अकराच्या सुमारास टेम्पोतून एक साचा आला. बाटलीच्या झाकणाचा, आतला एक भाग तुटलेला. मालकांनी तीन फोन केले. तो तुकडा समोरच्या गाळ्यात वेल्डिंगला गेला, तिथून मागच्या गल्लीत ग्राइंडिंगला, मग वायरकटला (म्हणजे बारीक तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापून घ्यायला), मग पॉलिशला. सहा वाजता साचा परत टेम्पोत चढला. या चौघांपैकी दोघांनी एकमेकांना बिलसुद्धा दिलं नाही, “महिन्याला बघू” एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तो साचा सिल्वासाला मशीनवर चालू होता म्हणे.

माझ्या प्रश्नावलीत या दिवसासाठी एकही रकाना नव्हता. तर सांगा, काय मोजू?

---

चहाचा कप | रात्री १०:५२

पहिला! ‘हो लिहा आणि चहा घ्या’ हेच प्रबंधाचं शीर्षक ठेवा.

---

आकडेबहाद्दर | रात्री ११:३५

ताई, आयुष्य सरकारी सांख्यिकीत गेलं, आता नौपाड्यात नातवंडं मोजतो. चार गोष्टी सांगतो.

जिल्हा उत्पन्न म्हणजे त्या हद्दीत निर्माण झालेलं उत्पन्न, तिथे राहणाऱ्यांच्या खिशातलं नव्हे. डोंबिवलीहून रोज बीकेसीला जाणाऱ्याचं काम मुंबई उपनगरात धरलं जातं. शिवाय बऱ्याच क्षेत्रांत राज्याची बेरीज आधी होते आणि मग कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवरून ती जिल्ह्यांना वाटली जाते. म्हणजे तुम्ही त्या आकड्यावरून जिल्ह्याची उत्पादकता काढायला बसलात तर अर्धवट आपलाच निर्देशक परत हाती येतो. आम्ही याला ऑफिसात ‘शेपूट धरून हत्ती मोजणे’ म्हणायचो.

कारखान्यांची वार्षिक पाहणी, म्हणजे एएसआय, मुळात नोंदणीकृत कारखान्यांची. कारखाना कायद्याच्या जुन्या मर्यादेप्रमाणे वीज असेल तर १० किंवा जास्त कामगार, नसेल तर २०. तुमच्या रबाळ्याच्या गाळ्यात माणसं किती? सहा? मग तो तिच्या जाळीतून खाली पडला. तो पकडायची जागा म्हणजे आर्थिक गणना. सहावी २०१३-१४ ची, आणि सातवीचं क्षेत्रकाम होऊनही निकाल बाहेर आले नाहीत. लोकसंख्येची जनगणना २०११ ची. त्यात कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं, ते तक्ते जरूर बघा, ठाण्यासाठी सोनं आहे. पण तेव्हा दिघा गाव स्टेशनही नव्हतं.

एक बरी बातमी. श्रमशक्ती पाहणीत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत घटक धरलाय. पुढच्या काही वर्षांत त्यातून काही हाती लागेल.

आणि पेटंटची तक्रार अर्धीच खरी आहे. पेटंट अर्जाच्या नमुना १ मध्ये अर्जदाराबरोबर संशोधकाचाही पत्ता असतो. अर्जदार सोडा, संशोधक कुठे राहतो ते बघा. वेळ जाईल, पण ऐरोली-नेरुळ-ठाण्याचे पिनकोड दिसू लागतील.

---

गाळा क्र. ७ | बुधवार, सकाळी ७:१०

मॅडम तुमचा धागा मुलाने दाखवला. तो चहावाला मी नाही, पण माझ्याकडे आला असतात तरी हेच झालं असतं. माझं टूलरूम आहे, म्हणजे साचे बनवायचा-दुरुस्तीचा गाळा, २००३ पासून. त्याआधी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी.

तुम्ही जे बघितलं त्याला आम्ही काही नाव दिलेलं नाही, तो आमचा रोजचा दिवस. पण हे का चालतं ते सांगतो. प्लॅस्टिक थंड झालं की आकसतं. एबीएस जातीचं साधारण अर्धा टक्का, पीपी जातीचं दीड-दोन टक्के. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी मटेरियल बदलतं आणि म्हणतं साचा तोच वापरा. मग झाकण बाटलीवर बसत नाही. आता हे कुठे खरवडायचं, कुठे भरायचं, हे ड्रॉइंगमध्ये नसतं. वेल्डिंगवाल्याला माहीत असतं की या स्टीलला किती तापवलं तर तडा जाईल. वायरकटवाल्याची पितळी तार पाव मिलिमीटरची. तो तुकडा बघूनच सांगतो, शेठ हा कोपरा एवढा धारदार येणार नाही, गोलाई ठेवा. हे फोनवर होत नाही. तुकडा हातात घेऊन दोघांनी खिडकीच्या उजेडाकडे धरावा लागतो.

उद्यमची, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी मुलाने केली तेव्हा धंद्याचा कोड टाकायचा होता. २५९२, धातूचं मशीनिंग, प्रक्रिया आणि लेपन. मी, ग्राइंडिंगवाला आणि हार्ड क्रोमवाला (धातूवर क्रोमचा कडक मुलामा देणारा), तिघेही त्याच कोडात. कागदावर आम्ही तिघे एकमेकांचे स्पर्धक. खरं म्हणजे एक नसला तर बाकीचे दोघे बसून राहतात.

आणि नेमकं तेच झालंय. आमचा हार्ड क्रोमवाला गेला. क्रोमचं काम म्हणजे प्रदूषणात लाल वर्ग, संमतीपत्र, सांडपाणी, ते सगळं बरोबरच आहे, घाण पाणी कुणाला हवंय. पण गाळ्याचं भाडंही वाढलं आणि मालकाला जागा दुसऱ्याला द्यायची होती. तो आता भिवंडीच्या पलीकडे गेला. पूर्वी पॉलिश केलेला पंच, म्हणजे साच्याचा आत शिरणारा भाग, क्रोमला सकाळी दिला की संध्याकाळी मिळायचा. आता टेम्पो भरेपर्यंत थांबायचं, वाटेतलं ट्रॅफिक, दोन दिवस जातात. दर तोच आहे. तुमच्या कुठल्याही आकड्यात हे दोन दिवस दिसणार नाहीत.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर २०१९ ला कर्ज काढून व्हीएमसी घेतली, कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कोरणारी मशीन. मशीन चांगली आहे. प्रोग्रॅमिंग करणारा पोरगा वर्षाने चाकणला गेला, आठ महिने मशीनवर ताडपत्री होती. तुमच्या ‘हो किंवा नाही’मध्ये ताडपत्री कुठे लिहायची?

---

वाचतेय_फक्त | सकाळी ९:०२

ताडपत्री! दंडवत काका.

---

रात्रपाळी | सकाळी ११:४८

विरुद्ध बाजू मांडतो, हलके घ्या.

मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात काम करतो. सकाळी नऊला ऐरोली स्टेशनच्या पुलावर उभं राहा आणि सांगा की या पट्ट्याचं बळ आटतंय. ही गर्दी २००४ ला ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर सुरू झाल्यावरची. त्याआधी इथे बसशिवाय यायची सोय नव्हती. एका मजल्यावर जेवढा पगार वाटला जातो तेवढा अख्ख्या गल्लीतल्या गाळ्यांत होत असेल का? जमीन महाग झाली की कमी मोलाचं काम बाहेर जातं, जास्त मोलाचं आत येतं. जगभर असंच झालंय. मुंबईच्या गिरण्यांबद्दलही आपण गळे काढले.

काका, राग नको, पण तुमच्या मुलाला तुम्ही गाळ्यात बसवाल का?

---

गाळा क्र. ७ | दुपारी १:१५

राग कसला. मुलगा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. मीच पाठवला.

---

रेतीबंदर | दुपारी ४:२०

काका, या एका ओळीवर मी दिवसभर अडकलेय.

रात्रपाळी, तुमच्या मुद्द्याला उत्तर देते, कारण माझ्या मार्गदर्शकांचंही हेच म्हणणं आहे. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये उद्योग एका जागी का जमतात याची तीन कारणं दिली. कुशल माणसं तिथे मिळतात, पूरक धंदे शेजारी उभे राहतात, आणि कसब एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप झिरपतं. ही कसोटी लावली तर आयटी पार्क पहिल्यात पास. दुसऱ्या-तिसऱ्यात? तुमची कंपनी शेजारच्या टॉवरमधल्या कंपनीला काही विकते का, तिच्याकडून काही घेते का? तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेत, सर्व्हर कुठेतरी, आणि शेजाऱ्याशी नातं फक्त लिफ्टच्या रांगेत. तुम्ही उद्या हिंजवडीला गेलात तर ऐरोलीत कोणाचं काम अडेल? कॅन्टीनचं आणि शेअर रिक्षांचं. वायरकटवाला गेला तर पाच जणांचं अडतं.

पगार कमी लेखत नाहीये. पण बळ आणि बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटायला लागलंय.

---

रात्रपाळी | संध्याकाळी ६:०५

लिफ्टच्या रांगेत झिरपतं हो बरंच काही. 😄 माझी शेवटची दोन नोकऱ्यांची बोलणी तिथेच झाली.

गंमत नाही, यात एक खरा मुद्दा आहे. सिलिकॉन व्हॅली पुढे गेली आणि बॉस्टनचा रूट १२८ मागे पडला, त्याचं एक कारण अभ्यासक असं देतात की कॅलिफोर्नियात माणसं सहज कंपनी बदलायची आणि डोक्यातलं ज्ञान बरोबर न्यायची. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नका असला करार तिथे चालत नाही. आपल्याकडेही भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल. दोन्हीकडचे हे नियम १८७२ चे, योगायोग बघा. म्हणजे कायद्याने आपण व्हॅलीच्या बरोबरीचे. फक्त आपल्याकडे मध्ये ९० दिवसांचा नोटीस पिरियड उभा आहे.

म्हणून आयटीत झिरपणं मोजायचं असेल तर इमारती नका बघू, माणसं कुठून कुठे गेली ते बघा.

---

आकडेबहाद्दर | संध्याकाळी ६:४०

हे चांगलं सुचवलंत. ताई, लिहून घ्या.

---

मीटर डाऊन | रात्री ९:३०

डेटा सेंटरचा उल्लेख झाला म्हणून लॉगिन केलं. महाप्याच्या एका डेटा सेंटरात विजेची बाजू सांभाळतो.

आमची बिल्डिंग बाहेरून बघितली तर वाटेल केवढा उद्योग. रात्रीच्या पाळीला आम्ही नऊ जण, त्यात चार सुरक्षारक्षक. गुंतवणुकीच्या बातमीत ‘हजारो कोटी’ वाचता ना, ते ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, चिलर आणि सर्व्हर. आमच्याकडे एकच आकडा सगळे जपतात, पीयूई. अख्ख्या इमारतीची वीज भागिले निव्वळ सर्व्हरची वीज. १.५ आला तर सर्व्हरच्या प्रत्येक रुपयामागे पन्नास पैसे मुख्यतः थंडाव्यावर. आपल्या दमट हवेत तो खाली आणताना घाम फुटतो, आम्हाला.

इथेच का आलो? वीज भरवशाची, मुंबईचे वित्तीय व्यवहार जवळ, समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात. आणि ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवायला सांगितली, त्यानंतर मागणीला जोर आला.

पण रेतीबंदर ताई, तुमच्या सिद्धांतात एक खिळा ठोकतो. आमच्याकडचे केबल ट्रे, रॅकखालचे सांगाडे, पाइपांचे ब्रॅकेट कुठून येतात? मागच्याच रस्त्यावरच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यातून. एकदा रात्री दोनला चिलरचा एक कंस तुटला. गाळेवाल्याला उठवला, पाचला तो नवा कंस घेऊन दारात. हैदराबादच्या आमच्या भावंड-केंद्राला असल्या गोष्टीला दोन दिवस लागतात असं तिथला माणूस म्हणतो. म्हणजे आम्ही त्यांच्या जिवावर आहोत आणि जागेसाठी त्यांनाच हुसकावतोय. दोन्ही खरं.

---

चहाचा कप | रात्री ९:४४

भावंड-केंद्र 👌

---

कॅसल मिल | रात्री १०:२०

अवांतर आहे, तरी लिहितो. मंडळी नवी मुंबईत रमली, ठाण्याकडेही बघा. एमआयडीसी १९६२ ला जन्मली आणि तिची पहिली वसाहत आमचं वागळे इस्टेट. आज ठाण्यात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? नितीन कंपनी. कॅसल मिल. गोल्डन डाइज. कॅडबरी. पत्त्यात कंपनी आहे, त्यातल्या बहुतेक ठिकाणी कंपनी नाही. कोलशेत, पोखरण रोडला रंग-रसायनं आणि औषधांचे मोठे कारखाने होते. तिथे आता बत्तीस मजली टॉवर आणि क्लबहाऊस. रेमंडची गिरणी गेली, तिथेही तेच. माझे वडील त्यातल्याच एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हातचं जे होतं ते कुठे झिरपलं असेल? आमच्या घरातल्या नळांत तरी नाही, ते मीच बदलतो आणि ते गळतातच.

---

संपादक मंडळ | रात्री १०:३१

गळक्या नळांसाठी ‘घर आणि दुरुस्ती’ विभाग आहे. बाकी चर्चा छान चालली आहे.

---

घणसोलीकर | गुरुवार, सकाळी ८:१५

सगळे प्रदेशाच्या स्पर्धेबद्दल बोलताय. प्रदेश म्हणजे कोण? जमीन आमची होती, भातशेती आणि मिठागरं. आजी सांगायची, “कंपनीन मानसा लागतील, पोरांना कामा मिलतील.” मिळाली थोडी. रसायनांच्या कारखान्यांत आमचे काका-मामा पर्मनंट होते, त्यांच्या पेन्शनीवर घरं चालली. कारखाने बंद पडले आणि ते पर्मनंट हा शब्दच घेऊन गेले. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं ते १९९० ला. त्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, विसरू नका.

आज आमच्या गावातली पोरं याच पट्ट्यात काय करतात? बसचं कंत्राट, कॅन्टीन, पाण्याचे टँकर, भंगार, सिक्युरिटी. पैसा आहे, नाही म्हणत नाही. पण व्हीएमसीवर बसलेला आमच्या गावचा एक पोरगा दाखवा. ताई, तुमच्या प्रबंधात हा एक रकाना घाला: कसब शेजारच्या गाळ्यात झिरपतं म्हणता, रस्ता ओलांडून गावात का झिरपलं नाही?

---

गाळा क्र. ७ | सकाळी ८:५०

घणसोलीकर, खरं बोललात. माझ्याकडे बाविस वर्षांत गावातले दोन आले. एक महिन्यात गेला. दुसरा अडीच वर्षं राहिला, हुशार होता, मग भावाच्या टँकरवर गेला. टँकरला माझ्यापेक्षा जास्त मिळायचे, मी त्याला काय सांगणार? आयटीआयमधून येतात ते खान्देश-मराठवाड्याचे आणि उत्तरेकडचे.

चाकणला गेलेला तो पोरगाही परभणीचा. मागच्या महिन्यात त्याचा फोन होता, परत येऊ का विचारत होता.

---

रात्रपाळी | सकाळी ११:३०

मग? घेतला का?

---

गाळा क्र. ७ | सकाळी ११:३४

ताडपत्री काढली परवाच.

---

आकडेबहाद्दर | दुपारी १२:१०

आता कामाचं. ताई, तुम्ही बहुतेक लोकेशन कोशंट काढणार असाल. समजा ठाण्यात दर १०० कामगारांत ६ धातुकामात आणि राज्यात ३, तर कोशंट २, म्हणजे इथे तो धंदा राज्याच्या दुप्पट दाट. काढा, परीक्षकांना आवडतो. पण त्यात २५९२ च्या पोटातला वेल्डर, क्रोमवाला आणि वायरकटवाला दिसत नाही हे वर आलंच. हार्ड क्रोमवाला गेला त्या वर्षी शेजारी आणखी एक ग्राइंडिंगवाला आला असेल, तर तुमचा कोशंट जागचा हलणार नाही.

म्हणून माणसं नका मोजू, साचे मोजा. तीस साचे धरा. प्रत्येक साचा दारात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे जा. किती गाळ्यांत गेला, किती किलोमीटर फिरला, किती तास मशीनवर आणि किती तास वाट बघण्यात, पहिला फोन कोणाला लागला, आणि कोणतं काम पट्ट्याबाहेर पाठवावं लागलं. दर आणि गिऱ्हाइकांची नावं लिहू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कोणी चहा देणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीस. मधल्या काळात तास वाढले की अंतर, ते तुम्हाला दिसेल. नमुना लहान आहे म्हणून कोणी नाक मुरडलं तर माझ्याकडे पाठवा.

मीटर डाऊनचे ब्रॅकेटही त्यात घ्या. रात्री दोनचे फोन वेगळे लिहा.

---

रेतीबंदर | रात्री ९:५५

काका, जेवताना हे घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, चार वर्षं तू जिल्हा शोधत होतीस, साचा सापडला.

ठरलं. तीस साचे. घणसोलीकर, तुमचा रकाना वेगळं प्रकरण होतंय. प्रत्येक गाळ्यात विचारणार आहे, इथे कोण काम शिकलं, कुठल्या गावचं, आणि आता कुठे आहे. रात्रपाळी, तुमच्या लिफ्टच्या रांगेतली वीस माणसं मला द्या, त्यांच्या नोकऱ्यांचा माग काढते. तुमचा दावा खरा ठरला तर तसंच लिहीन. मार्गदर्शकांना काय सांगायचं ते बघते, मंजूर शीर्षक तेच राहील, आतलं बदलेल.

गाळा क्र. ७ काका, पहिला साचा तुमच्याकडून सुरू करू का? रविवारी मला सुट्टी असते.

---

गाळा क्र. ७ | रात्री १०:१२

रविवारी नको, वायरकटवाला घरी असतो. शनिवारी सकाळी साडेआठला या. बूट घालून या, चप्पल नको, खाली बुरादा असतो. एक टूथब्रशच्या हँडलचा साचा येणार आहे, त्याला क्रोम लागणार. भिवंडीपर्यंत टेम्पोत बसायची तयारी ठेवा.